विनूची किडनी

डायलिसिसच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त राग कुणाचा येतो, तर "सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्याचा. म्हणून मी तसं म्हणणार नाही. माझं काय झालं तेवढं सांगते. तुमचं वेगळं होईल. डॉक्टरांनीही मला हेच सांगितलं होतं, आणि त्या दिवसांत मी जे काही ऐकलं त्यातलं तेवढंच पुरतं खरं निघालं.

मी हैदराबादेत काचीगुड्याला राहते आणि कोठीजवळच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. घरात चार माणसं: हे म्हणजे माझे यजमान, मुलगी शुभा, मी आणि मामंजी. मामंजी माझे सासरे. त्यांनी जन्मभर इथल्या कोर्टात वकिली केली. शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, त्यामुळे घरातल्या साध्यासुध्या गोष्टींनाही ते कोर्टाचे शब्द लावतात. दूधवाला उशिरा आला तर त्याची पेशी होते, म्हणजे सुनावणी, आणि बहुतेक वेळा तो निर्दोष सुटतो.

निर्जळी

शुभाच्या बाळंतपणापासून माझं ब्लडप्रेशर जास्त असायचं. किडन्या "थोड्या कमजोर" आहेत असं तेव्हाच सांगितलं होतं. थोड्या म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. रोज गोळी घ्यायची आणि शाळेत जायचं, असं चाललं होतं.

त्या वर्षी हरतालिकेच्या तोंडावर शाळेतल्या एका कार्यक्रमाचं जेवण बाधलं आणि दोन दिवस उलट्या-जुलाबांनी मी पार गळून गेले. आमच्याकडे हरतालिका निर्जळी करतात. सासूबाई करायच्या, त्या गेल्यावर मी करायला लागले. "यंदा राहू दे ना," असं हे म्हणाले, पण पेपर वाचता वाचता म्हणाले. मी उपास धरला.

दुपारी डोकं ठणकायला लागलं. शेजारच्या देशपांडेकाकू आमच्या गल्लीतल्या सगळ्या व्रतांच्या जाणकार. त्यांना विचारलं, दुखण्यावरची गोळी घेतली तर उपास मोडतो का?

"गोळी म्हणजे काय अन्न आहे का गं? खुशाल घे," काकू म्हणाल्या. "फक्त पाणी नको पिऊ वरून."

मी गोळी कोरडी गिळली. डोकं थांबेना म्हणून संध्याकाळी आणखी एक गिळली. ब्लडप्रेशरचीही तशीच गिळली. व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी असतं. त्या वर्षी यांना साधी सर्दीसुद्धा झाली नाही, हे मान्य करायला हवं.

पुढचे दोन दिवस तोंड सुजलं, पाय सुजले, जिन्यावर धाप लागायला लागली. लघवी जवळजवळ होतच नव्हती, पण ते सांगायचं कुणाला? आमच्या घरात तो शब्द कधी कुणी मोठ्याने उच्चारलेला मी ऐकला नव्हता. शेवटी मी शुभाला सांगितलं, शुभाने पप्पांना सांगितलं, आणि यांनी रिक्षा आणली.

बीच की

डॉक्टर तेलुगू होते, आमच्याशी हिंदीत बोलायचे. पन्नाशीचे असतील. रिपोर्ट बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अम्मा, पानी कब पिया था?"

मी व्रताचं सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. ते रागावले नाहीत. कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पुरानी बीमारी थी, ऊपर से बदन सूखा और दर्द की गोली, झटका बैठ गया. डायलिसिस आज ही करना पड़ेगा."

"किडन्या परत येतील का?" यांनी मराठीतच विचारलं. डॉक्टरांना ते कळलं. हा प्रश्न त्यांना सगळ्या भाषांत कळत असणार.

"किडनी पहले से अच्छी होती, तो मैं बोलता आ जायेगी. पूरी खतम होती, तो बोलता नहीं आयेगी. अम्मा की बीच की है. बीच वालों का मैं कुछ नहीं बोल सकता. तीन महीने देखेंगे."

अशा वेळी माणूस रडत असेल, निदान घाबरत असेल, असं मला वाटायचं. मला काहीच झालं नाही. खुर्ची टणक आहे एवढं जाणवलं. कॉरिडॉरमध्ये टीव्ही होता, तेव्हा केबल नवीन होतं, आणि त्यावर कुठलीशी परदेशी बाई आवाज न करता केक बनवत होती. तो केक पूर्ण होईपर्यंत मी बघत राहिले. शेजारी हे रुमालात तोंड लपवून रडत होते, तेही मला दिसत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे असं वाटत होतं.

हा बधिरपणा पुढे कित्येक आठवडे गेला नाही. रक्तात विष साठलं की असं होतं, हे नंतर कळलं. पण सगळंच काही रक्तातल्या विषामुळे नसावं. घरातले सगळे माझ्या वाटचं घाबरत होते, माझ्यासाठी काही उरलंच नव्हतं. तुमचंही असं झालं तर स्वतःला दगड समजू नका. येतं ते नंतर.

मशीन

मानेत नळी घातली. आठवड्यातून तीनदा मशीनवर पडायचं. मशीन नवं होतं, बाहेरून आलेलं, आणि हॉस्पिटलातल्या सगळ्यांना त्याचा फार अभिमान होता. कुणी पाहुणे आले की ते आधी मशीनकडे बघायचे, मग माझ्याकडे. रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं. पहिल्या वेळी मी तिकडे बघितलं, नंतर छताकडे बघायला लागले. मशीनवरून उठलं की अंग पिळून काढल्यासारखं व्हायचं आणि तोंडाला लोखंडाची चव यायची.

दिवसभरात मोजकं पाणी मिळायचं. गोळ्यासुद्धा त्यातच. तहान ही एकच गोष्ट मला तेव्हा नीट जाणवत होती. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. आजारी माणसाला शहाळं द्यायचं, हे आपल्या रक्तातच आहे. किडनीच्या आजारात त्यातल्या पोटॅशियमपायी नेमकं तेच विष. "चालत नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मग हे ती शहाळी बाहेर बसलेल्या इतरांच्या नातेवाइकांना वाटून टाकायचे. सध्या तुम्ही कुणाला भेटायला निघाला असाल तर नुसते जा.

घरी बाथरूममध्ये खुणा केलेलं एक प्लॅस्टिकचं भांडं आलं. दिवसाची लघवी मोजून ठेवायची. मोजायचं काम यांच्याकडे. रोज सकाळी मामंजी आरामखुर्चीत बसून खाकरायचे आणि यांना विचारायचे, "काय रे, आजची कैफियत?" हे म्हणायचे, "कालचीच." मामंजी मान हलवायचे आणि पेपर उघडायचे. लघवी हा शब्द तरीही आमच्या घरात आला नाही.

विनू

माझा धाकटा भाऊ विनायक, म्हणजे विनू, परभणीला असतो. त्याचं पंप आणि मोटारींचं दुकान आहे. खबर कळली तसा तो रेल्वेत बसला आणि सकाळी काचीगुडा स्टेशनवरून पिशवीसकट थेट हॉस्पिटलात आला.

"अक्का, माझी घे," तो म्हणाला. मी कशी आहे हेसुद्धा त्याने विचारलं नाही.

यांचा रक्तगट जुळत नव्हता. मामंजी ऐंशीला टेकलेले, शुभा लहान. आमचे आईवडील दोघंही गेलेले. राहिला विनू. तपासण्या झाल्या आणि विनूचं चांगलं जुळलं. रिपोर्ट आला तेव्हा हे इतके खूश झाले की लग्न जुळल्यासारखे हात जोडून विनूच्या पाया पडायला निघाले. विनूने त्यांना वरच्यावर धरलं.

यांचं म्हणणं होतं, लगेच ऑपरेशन करून टाकू. डॉक्टर म्हणाले, थांबा. अम्माची स्वतःची परत आली तर एका चांगल्या माणसाला उगाच कापल्यासारखं होईल. मामंजी डॉक्टरांच्या बाजूचे. "पेशी पुढं ढकलली म्हणजे मुकदमा हरलो असं होत नाही," ते म्हणाले. हे चिडले. "अप्पा, हा मुकदमा नाही!" घरात पहिल्यांदाच या दोघांचा आवाज चढलेला शुभाने ऐकला, आणि ती वह्या उचलून दिलसुखनगरच्या क्लासला तासभर आधीच निघून गेली.

मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला काही वाटलंही नाही. मी उठून भिंतीशी उशी नीट लावली आणि पडून राहिले.

भविष्य सांगणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. आबिड्सच्या पोस्टात काम करणाऱ्या एकाच्या मेव्हण्याची किडनी दीड महिन्यात आली होती. दुसऱ्या कुणाच्या काकाची आलीच नाही. शाळेतल्या एका बाईंनी तळहातावरची रेषा बघून "येते" म्हणून सांगितलं. सगळे ठामपणे बोलायचे. फक्त ज्याने जन्मभर किडन्याच बघितल्या तो डॉक्टर काही बोलत नव्हता. पुढे पुढे मला तेच बरं वाटायला लागलं. त्याच्या खोलीत गेलं की निदान कुणी मला समजावत नसे.

भाऊबीजेला विनूला येऊ नको म्हणून कळवलं. त्या दिवशी आलेगेलेले काय काय बोलतील, ते मला ऐकायचं नव्हतं.

मंगल

विनूची बायको मंगल मात्र दिवाळी सरल्यावर एकटीच आली. मला आराम म्हणून आठवडाभर राहते म्हणाली. ती मुळात कमी बोलणारी. माझं बिनमिठाचं वेगळं शिजवायची, भाज्या उकळून त्यांचं पाणी फेकून द्यायची, सगळं नीट समजून घेऊन करायची. तीन दिवस तिने एक जास्तीचा शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ती मेथी निवडत बसली होती.

"वन्सं, एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"मला कुणी विचारलंच नाही. ह्यांनी सांगितलं, अक्काला द्यायला चाललो. मी म्हणलं, जा. दुसरं काय म्हणणार?"

मला वाटलं, आता ही म्हणणार, नका घेऊ. दोन लहान पोरं आहेत, दुकान एकट्याचं आहे, म्हणणारच. मी तयार होते. पण ती वेगळंच बोलली.

"थांबू नका, वन्सं. काय ते एकदाचं करून टाका. द्यायची तर देऊ. हे असं मला होईना. दुकानातनं यायला उशीर झाला की वाटतं, ह्यांना काही झालं तर वन्सं गेल्या. ताप आला की वाटतं, आता हे द्यायच्या लायकीचे राहतील का. झोपले की ह्यांच्या पाठीकडं बघत बसते, कुठनं कापतील म्हणून. पोरगा पाठीवर बसला तर मी ओरडते त्याच्यावर. स्वतःचा नवरा मला दुसऱ्याची वस्तू सांभाळल्यासारखा झालाय."

बोलताना तिने मेथीची एक काडी घेतली आणि तिची पानंच काय, देठही बारीक बारीक तोडून टाकले. मला तिची कीव यायला हवी होती. मला कळत होतं की ती खरं बोलतेय, आणि कळत होतं की मला काही वाटत नाहीये. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतात थांबा."

"हो," मंगल म्हणाली. "डॉक्टरांचं काय जातंय."

दुसऱ्या दिवशी ती परभणीला गेली.

पेढे

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भांड्यातली खूण वर सरकायला लागली. आधी थोडी, मग एका दिवसात एकदम दुप्पट. त्या दिवशी नेमके हे बाहेरगावी होते. भांडं मीच बघितलं. दाराबाहेर मामंजींच्या काठीचा आवाज आला. ते बराच वेळ तिथे उभे होते आणि खाकरत होते. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून त्यांनी मला अंगच्या दुखण्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

"सूनबाई," शेवटी ते म्हणाले. "आजची कैफियत?"

"वाढलंय, मामंजी. कालच्या दुप्पट."

बाहेर काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शुक्र आहे." आवाज फुटला होता.

मी बाहेर येईपर्यंत मामंजी चप्पल घालून सुलतानबाजारात गेले होते. पेढे घेऊन आले आणि स्वतः गल्लीभर वाटले. कशाचे पेढे म्हणून विचारलं की ते म्हणत, "घरात खुशखबर आहे." तो शब्द त्यांना उच्चारता येत नव्हता, मग दुसरं काय सांगणार? संध्याकाळी देशपांडेकाकू खणानारळ घेऊन माझी ओटी भरायला आल्या. सगळ्या गल्लीला वाटलं होतं, मला दिवस गेले. शुभा हसता हसता खाली बसली. मीही हसले असेन. हसू आल्याचं आठवत नाही, पण गाल दुखल्याचं आठवतं.

आठवड्याने रिपोर्ट घेऊन गेलो, तर रक्तातल्या विषाचा आकडा होता तिथेच. डॉक्टर म्हणाले, "पानी आ रहा है अम्मा, कचरा अंदर ही है. पानी पे मत जाओ."

हे मी मुद्दाम सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. लघवी सुटली म्हणजे किडनी आली असं नसतं. मामंजींना मी ते सांगितलं, तेव्हा ते फक्त म्हणाले, "वाटलेले पेढे थोडेच परत मागायचे?" आणि पेपरमागे तोंड लपवलं.

मग मात्र आकडा हळूहळू उतरायला लागला. कधी उतरायचा, कधी अडून बसायचा. तीन वेळांचं डायलिसिस दोनदावर आलं, मग एकदावर. एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, या वेळी करूच नका, बघू काय होतं. काही झालं नाही. मानेतली नळी निघाली. तिथे पट्टी लावून आम्ही घरी आलो, आणि मी मनगटापर्यंत हात बुडवून तांदूळ धुतले. पाण्याचा गारवा छान वाटला. बऱ्याच दिवसांत छान असं काही वाटलं नव्हतं.

शेवटची पेशी

तीन महिन्यांचे चार होत आले, तेव्हा निकाल ऐकायला विनू आणि मंगल दोघंही आले. डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. डॉक्टरांनी सगळे कागद एकापुढे एक मांडले आणि पहिल्यांदाच हसले.

"किडनी आधे से थोड़ी ज़्यादा वापस आयी है. अभी डायलिसिस नक्को, ट्रान्सप्लांट भी नक्को. खाना, पानी, गोली, सब संभालना. और अम्मा, उपवास बंद."

यांनी डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी धरला. विनूने डोळे पुसले. तेवढ्यात मंगलने विचारलं. डॉक्टरांशी ती त्याआधी कधी बोलली नव्हती.

"डॉक्टरसाब, फिर कभी लगेगी क्या?"

डॉक्टरांनी कागद गोळा करायचं थांबवलं. "लग सकती है. दो साल में, दस साल में. शायद कभी नहीं. ये मैं नहीं बोल सकता अम्मा, कोई नहीं बोल सकता."

"लागली तर मी आहेच की!" विनू म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले. मी मंगलकडे बघत होते. ती हसली नाही. तिने विनूकडे बघितलं, त्याच्या चेहऱ्याकडे नाही, कमरेच्या जरा वर, आणि मग पदर सारखा केला. तिला जे कळलं ते खोलीत दुसऱ्या कुणालाच कळलं नव्हतं. तिचं वाट बघणं संपलं नव्हतं. आतापर्यंत ते तीन-चार महिन्यांचं होतं, आता त्याला मुदतच उरली नव्हती.

घरी आल्यावर पानं वाढली. सगळे एकत्र बसले, मंगल भाकऱ्या करत होती. मी घास घेतला नाही.

"विनू, तुझी किडनी मी घेणार नाही. आत्ता नाही आणि पुढेही नाही."

"अक्का, आता कुठं लागतीय?"

"लागत नाही म्हणूनच सांगतेय. लागेल तेव्हा मला सांगता येणार नाही. आज सांगते, सगळ्यांसमोर. लागली तरी नाही. तू दुकान बघ, आजारी पड, म्हातारा हो. तुझं तू काहीही कर."

"वेडी झालीस का? माझी आहे, मी द्यायला तयार आहे—"

"आणि मी घ्यायला तयार नाही."

विनू ताटावरून उठला. हे माझ्याकडे बघतच राहिले. "मला विचारायचं तरी," ते म्हणाले. मामंजी खाकरले. "सूनबाई, हक्क असा सोडून देऊ नये. उद्या अपील करायला जागा राहत नाही."

"सोडला, मामंजी."

माझ्या किडन्यांचं पुढे काय होणार ते कुणालाच सांगता येत नव्हतं. विनूच्या किडनीचं काय होणार, एवढं मला सांगता येत होतं. ते मी सांगून टाकलं.

मंगलने तवा उतरवला आणि गॅस बंद केला. तिने माझे आभार मानले नाहीत, हो-नाही केलं नाही. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. नळ बराच वेळ चालू होता.

आणि तेव्हा ते आलं. मला भीती वाटत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि सगळी एकदम. दोन वर्षांत लागली तर? शुभाचं लग्न व्हायच्या आत लागली तर? मला मरायचं नव्हतं. मला जगायचं होतं, शाळेत जायचं होतं, पोटभर पाणी प्यायचं होतं, म्हातारं व्हायचं होतं. हे सगळं मला विनूला नाही म्हणून झाल्यावर कळलं. शब्द मागे घ्यावा असं इतकं वाटलं की मी पदराचा बोळा तोंडात धरला.

मंगल मोरीतून बाहेर आली. तिचे डोळे लाल होते. तिने परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं आणि मान वर न करता म्हणाली, "वन्सं, बसा. गरम भाकरी देते."

मी ताट पुढे केलं.